टेकनमधली सगळ्यात ताकदवान बाई कोण? तुमचा क्रम सांगा

वारणाकाठ

गेल्या रविवारी भाच्याने टेकन ८ हा मारामारीचा व्हिडिओ गेम लावला आणि पात्रं निवडायच्या पडद्यावरच त्याने विचारलं, "मावशी, यातली सगळ्यात पॉवरफुल मुलगी कोण गं?" मी क्षणाचाही विचार न करता नीना म्हणाले. तो म्हणाला रेइना. पानं वाढली तरी आमचा वाद चालूच होता, तेव्हा म्हटलं हा प्रश्न इथे जाणत्या मंडळींपुढे ठेवावा.

आधी माझी पार्श्वभूमी. आमच्या गावात बसस्टँडमागे एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. चार टीव्ही, चार जुने प्लेस्टेशन, तासाला १० रुपये. चारातल्या तीन टीव्हींवर कायम टेकन ३. मी भावाच्या मागे लागून जायचे, आणि त्या खोलीत बहुतेक वेळा मी एकटीच मुलगी असायचे. पोरांचा एक ठरलेला समज होता: पोरगी घेतली की हरणार. सगळे एडी या लढवय्यावर तुटून पडायचे, कारण एडी घेतला की फुली आणि गोल दाबत राहिलं तरी पाय भिंगरीसारखे फिरतात. मी नीना घ्यायचे. सुरुवातीला केवळ हट्टाने, नंतर तिच्याशिवाय हातच चालेना म्हणून.

नीनाबद्दल मला काय वाटतं ते जरा सविस्तर लिहिते.

१९९४ साली पहिलं टेकन आर्केडवर आलं त्यात ती होती, आणि २०२४ च्या टेकन ८ मध्येही आहे. मधला मुख्य मालिकेतला एकही भाग तिने चुकवलेला नाही. बायकांमध्ये हे फक्त तिचं. पण हजेरी म्हणजे ताकद नव्हे, हे मला मान्य आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. या मालिकेतल्या बहुतेक मोठ्या पात्रांकडे काहीतरी मिळालेलं असतं. काझुयाकडे डेव्हिल जीन, म्हणजे रक्तातून येणारी सैतानी शक्ती, त्याच्या मुलाकडे, जिनकडे, तेच, ओगर तर दैवतच. नीनाकडे वडिलांनी शिकवलेलं मारेकऱ्याचं कसब आहे आणि बाकी काही नाही. टेकन २ मध्ये ती काझुयाला मारायला जाते, पकडली जाते, आणि तिला जवळजवळ वीस वर्षं गोठवून झोपवलं जातं. जागी होते तेव्हा आठवण गेलेली. वर ओगर तिच्या मनाचा ताबा घेऊन तिला जिनवर सोडतो. ती झोपेत असताना तिच्या शरीरातून घेतलेल्या बीजातून एक मूल जन्माला घातलं गेलं, हे तिला फार उशिरा कळतं. तो मुलगा म्हणजे स्टीव्ह फॉक्स, आणि टेकन ४ मध्ये तिला सुपारी मिळते ती नेमकी त्याचीच.

इतकं सगळं हिरावून घेतल्यावरही पुढच्या भागात ती उभी असते, तेच कसब घेऊन. शरीर आणि आठवण दोन्ही दुसऱ्यांनी वापरून झाल्यावर जे उरतं ते तिचं स्वतःचं, आणि मी ताकद म्हणते ती त्याला.

खेळतानाही ती तशीच आहे. तिच्या साखळी पकडी ज्यांनी घातल्या असतील त्यांना कळेल. एक पकड लागली की पुढच्या पकडीची कळ नेमक्या क्षणी दाबायची, मग त्याच्या पुढची. समोरच्याला प्रत्येक टप्प्यावर सुटायची संधी असते, आणि नाही सुटला तर एका चुकीत त्याची जीवाची अर्धी पट्टी रिकामी होते. पार्लरमधल्या पोरांना सुटका माहीतच नव्हती. मी भावाच्या वहीत मागच्या पानावर चौकोन, त्रिकोण, फुली, गोल काढून ती साखळी पाठ केली होती.

माझा क्रम: नीना, जुन, काझुमी, झाफिना, शाओयू. आता तुमचा सांगा, आणि कारण द्या.

फ्रेममोजणी

धागा आवडला. पण ताकद म्हणजे काय ते आधी ठरवायला हवं, नाहीतर आपण एकमेकांच्या शेजारून बोलत राहू. कथेतली ताकद लेखक ठरवतो. खेळातली ताकद तपासता येते. हा खेळ सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी चालतो, सगळ्यात जलद ठोसा साधारण १० फ्रेमचा, आणि कोणाचा फटका अडवल्यावर तुम्हाला उलट मारायला किती फ्रेमची संधी मिळते यावर सगळा हिशोब. त्यात पात्र बाई आहे की अस्वल याला काही अर्थ नाही.

अस्वलावरून आठवलं. २०१८ च्या टेकन वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा ॲमस्टरडॅमला झाली. ती जिंकली दक्षिण कोरियाच्या रँगचूने, पांडा घेऊन. पांडा ही मादी आहे, शाओयूची सोबतीण. शरीर एवढं मोठं की चुकवणं अवघड, हात आखूड, आणि स्पर्धेत तिला घेऊन कोणी जिंकेल असं बहुतेकांना वाटत नव्हतं. म्हणजे तुमच्या यादीत एक नाव राहिलं.

दुसरं, लाहोरचा अर्सलान ॲश. २०१९ मध्ये त्याने आधी जपानमधली इव्हो, म्हणजे मारामारीच्या खेळांची मोठी स्पर्धा, आणि मग अमेरिकेतली इव्हो जिंकली, तेव्हा त्याचं नाव झालं ते काझुमीवर. पुढे झाफिना, आणि टेकन ८ मध्ये नीना. गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा खेळाडू एकामागून एक बायकाच निवडत गेला. त्याने भावनेने निवडल्या असतील असं मला वाटत नाही. या तिघींचे फटके समोरच्याला अंतरावर ठेवतात आणि अडवले गेले तरी फार महागात पडत नाहीत. लाहोरलाही आपल्यासारखीच पार्लरं आहेत, तिथे रात्र रात्र खेळून ही माणसं तयार झाली.

माझी निवड मात्र शाओयू. टेकन ३ मध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा सोळा वर्षांची शाळकरी मुलगी, स्वप्न काय तर स्वतःचं मनोरंजन उद्यान. त्यामुळे तिला कोणी गंभीरपणे घेतलं नाही. पण खाली आणि दोन्ही हाताच्या कळा दाबून ती जमिनीलगत बसते ना, त्या बैठकीत वरचे फटके तर सोडाच, मधल्या उंचीचे कित्येक फटकेही तिच्या डोक्यावरून जातात. समोरच्याने दहा वर्षं घोटलेली हाताची सवय तिच्यासमोर चालत नाही, त्याला पुन्हा शिकावं लागतं. याहून मोठी ताकद मी या खेळात पाहिलेली नाही.

मांडवी

(टेकन ७ आणि ८ ची कथा ज्यांना खेळायची आहे त्यांनी हा प्रतिसाद सोडून द्या, शेवट उघड होतो.)

ताई, नीनाबद्दलचं तुमचं लिहिणं मनाला लागलं. तरी मी वेगळ्या जागी उभी आहे.

या मालिकेची कथा आपल्याला कशी सांगितली जाते? आजोबा हेहाची, मुलगा काझुया, नातू जिन. बापाने मुलाला कड्यावरून फेकलं, मुलाने बापाला फेकलं, पुन्हा उलट. टेकन म्हणजे लोखंडी मूठ, आणि ती मूठ मिशिमा घराण्याची. वीस वर्षं आपण हेच ऐकत आलो. आणि मग २०१५ मध्ये टेकन ७ आर्केडवर येतं आणि शेवटच्या लढाईला उभी राहते काझुमी. हेहाचीची बायको, काझुयाची आई, माहेरची हाचिजो. पांढरा वाघ सोबत, आणि लढता लढता तिचं रूप बदलतं. तेव्हा कळतं की ज्या डेव्हिल जीनवरून हे सगळं रामायण घडलं ते मिशिमांचं नव्हतंच. ते आईकडून आलं होतं. मुलाच्या अंगात आईचं रक्त उतरलंय का हे बघायला बापाने पाच वर्षांच्या पोराला कड्यावरून टाकलं.

दुसरी बाजू बघा. जिन त्या रक्तापुढे पूर्ण वाहून का गेला नाही? कारण त्याची आई जुन काझामा. टेकन २ मध्ये ती वन्यजीव संरक्षणाचं काम करणारी अधिकारी म्हणून येते, प्राण्यांच्या तस्करीवरून काझुयाला पकडायला. नंतर याकुशिमा बेटावर एकटी राहून मुलाला वाढवते, स्वतःची विद्या शिकवते. टेकन ४ चा शेवट आठवा. जिनने बाप आणि आजोबा दोघांनाही लोळवलंय, हेहाचीचा जीव त्याच्या मुठीत आहे, आणि त्याला आई दिसते. तो हात सोडतो. त्या भागात जुन खेळायला उपलब्धही नाही, आणि त्या भागातली निर्णायक गोष्ट तीच करते.

म्हणजे विष हाचिजोंच्या लेकीकडून आणि उतारा काझामांच्या लेकीकडून. मधले तिन्ही पुरुष या दोघींकडून आलेल्या गोष्टीवर भांडताहेत. माझा क्रम: काझुमी आणि जुन बरोबरीने, मग बाकी सगळ्या.

आडवापाय

पांडा मादी आहे हे मला आज कळलं. टेकन ३ मध्ये ती कुमा या अस्वलाचा दुसरा पोशाख म्हणून यायची ना, त्यामुळे आम्ही दोघांना एकच समजायचो. आमच्या इथे दोघांनाही 'भालू' म्हणायचे.

वारणाकाठ

@मांडवी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. रक्त आईकडून आलं हे मला माहीत होतं, पण विष आणि उतारा दोन्ही असे समोरासमोर ठेवून मी कधी पाहिले नव्हते. तरी एक गोष्ट मला खटकते आणि ती मी मनापासून मांडते.

काझुमीला हेहाची मारतो, ती कथा सुरू व्हायच्या आधीच. जुन ओगरच्या हल्ल्यात नाहीशी होते, तीही टेकन ३ सुरू व्हायच्या आधी. दोघींची ताकद आपल्याला सांगितली जाते ती त्या नसताना. पुरुषांना चिडायला आणि रडायला कारण मिळावं म्हणून आईला आधीच उचलून बाजूला ठेवलं आहे. जुन टेकन २ मध्ये होती १९९५ साली. मुख्य कथेत ती खेळायला परत आली २०२४ मध्ये. मधे टॅग टूर्नामेंटच्या दोन्ही भागांत दिसली, पण ते भाग कथेबाहेरचे. जिच्या नावावर एवढं सगळं घडतं तिला एकोणतीस वर्षं मुख्य कथेच्या पडद्यावर जागा नाही. म्हणून मी नीनाला वर ठेवते. ती स्वतः तिथे आहे, स्वतः मार खाते, स्वतः मारते.

दुबईकर

माझ्या मनात एक तिसरी ओळ आहे, तिच्याबद्दल कोणीच बोललं नाही: मिशेल आणि ज्युलिया चँग.

मिशेल पहिल्या दोन भागांत. आई अमेरिकेतल्या आदिवासी समाजातली, वडील हाँगकाँगचे. गळ्यातल्या लोलकामुळे तिच्या घरावर संकटं येतात. तिला एक तान्ही मुलगी सापडते, ती तिला आपली म्हणून वाढवते. तीच टेकन ३ मधली ज्युलिया. आर्केड मोड दोनदा संपवला की उघडायची, कुमानंतर लगेच. आम्ही तिच्यासाठी पार्लरवाल्याच्या मेमरी कार्डावर लक्ष ठेवून असायचो, कोणी पुसून टाकू नये म्हणून.

या मालिकेत सगळे रक्तावरून एकमेकांचा जीव घेतात. इथे रक्ताचं नातंच नाही, आणि आई हरवली म्हणून मुलगी स्पर्धेत उतरते. नंतरच्या भागांत ज्युलिया कशासाठी लढते? ओसाड जमिनीवर पुन्हा जंगल उभं करायच्या संशोधनासाठी. एवढं शांत ध्येय या खेळात दुसऱ्या कोणाचं नाही.

आणखी एक. इथे माझ्या कामाच्या ठिकाणी फिलिपिन्सचे बरेच जण आहेत. टेकन ७ मध्ये जोसी रिझाल आली तेव्हा त्यांच्यातल्या एकाने जेवणाच्या सुट्टीत मला फोनवर तिचे कपडे दाखवले, निळा, लाल, पिवळा. "आमचा झेंडा आहे हा." आडनाव त्यांच्या राष्ट्रपुरुषाचं, होसे रिझालचं. जोसी रडवी आहे, तिच्या दृश्यांत डोळ्यात पाणी ठरलेलं. मला वाटलं त्याला ते आवडणार नाही. तो म्हणाला, रडते आणि तरी लढते, आमच्या घरच्या सगळ्या बायका अशाच आहेत. तिची टेकन ८ मधली अनुपस्थिती त्याला अजून सलते.

फ्रेममोजणी

@दुबईकर, ज्युलियाचा मुद्दा एकदम मान्य. टेकन ३ मध्ये तिचे वर उडवणारे फटके आणि त्यानंतरचे हवेतले फटके ज्याला जमले त्याला फार कमी लोक हरवायचे.

निव्वळ यंत्राच्या हिशोबाने विचाराल तर अजून एक नाव घ्यावं लागेल. पहिल्या टॅग टूर्नामेंटची शेवटची बॉस, अननोन. १९९९ आर्केड, २००० मध्ये प्लेस्टेशन २. अंगावर जांभळट काळा द्रव ओघळतोय, पाठीमागे लांडग्याची आकृती, आणि मोकुजिनसारखी दुसऱ्यांच्या शैली वापरणारी. म्हणजे ती एकटीच जवळपास सगळा संच. चेहरा बघा, जुनचीच आठवण होते. पुढे टॅग २ मध्ये तर जुन पडली की तिच्यातूनच ती उभी राहते.

थंडगार_चहा

अ‍ॅना विल्यम्सचं नाव कोणी घेत नाही म्हणून लिहिते आहे. मी धाकटी बहीण आहे. मोठीला सगळं आधी मिळतं, नावही तिचंच होतं, आणि धाकटीची ओळख कायम 'नीनाची बहीण'. टेकन ३ मध्येसुद्धा नीना पहिल्यापासून समोर, अ‍ॅना पाचवी उघडायची. ७ मध्ये आणि ८ मध्येही ती नंतर विकत घ्यायच्या पात्रांत आली. दोघी एकाच बापाकडून शिकल्या, दोघींना एकाच प्रयोगात गोठवलं गेलं, टेकन ६ मध्ये नीना जिनच्या बाजूला आणि अ‍ॅना काझुयाच्या. नीनाला कोणाच्याच असण्यानसण्याने फरक पडत नाही. अ‍ॅनाला पडतो, तिला राग येतो, मत्सर वाटतो, तरी ती दरवेळी बहिणीसमोर जाऊन उभी राहते. मला ती जास्त धीराची वाटते.

वारणाकाठ

@थंडगार_चहा, मी मोठी बहीण आहे आणि हे वाचून बराच वेळ गप्प बसले. अ‍ॅना माझ्या यादीत हवी होती.

झाफिनाबद्दल दोन ओळी लिहायच्या राहिल्या. टेकन ६ चा बॉस अझाझेल, त्याची शक्ती तिने स्वतःच्या डाव्या हातात कोंडून घेतली. तो हात हळूहळू तिला खातोय. काझुया आणि जिन यांच्या अंगात सैतान जन्माने आला. हिने तो जाणूनबुजून अंगावर घेतला, बाकीच्यांना त्रास होऊ नये म्हणून. कोळ्यासारखी जमिनीला चिकटून ती सरपटते तेव्हा मला तो हातच आठवत राहतो.

काल मांडवींच्या सांगण्यावरून टेकन ८ मध्ये जुन घेऊन बसले. तिचे काही जोरकस फटके मारताना तिची स्वतःचीच पट्टी थोडी कमी होते, आणि नीट खेळलं तर ती परत मिळवता येते. भाच्याला ते अजिबात आवडलं नाही, "स्वतःलाच का लागतं तिला?" म्हणाला. मी मात्र तीन तास तिलाच घेऊन खेळले.

मांडवी

ताई, तुमचा आक्षेप मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरते आहे आणि तो खरा आहे. आया मेल्यावरच त्यांची महती गायली गेली. पण म्हणूनच तुमच्या भाच्याची निवड मला आता महत्त्वाची वाटू लागली आहे.

रेइना बघा. शाओयूची मैत्रीण म्हणून शाळेच्या गणवेशात येते, हसतमुख. लढते मात्र ताइदो आणि मिशिमा शैलीत. हेहाची, काझुया यांच्या हातातून निघणारी ती विजेची मूठ तिच्या हातातून निघते. मुख्य मालिकेत ती मूठ घेऊन उभी राहिलेली मिशिमा रक्ताची मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली. शेवटी जिन आणि काझुया दोघांच्याही अंगातला सैतान संपतो, नामावली सरकून जाते, आणि त्यानंतर तिच्यात तो जागा होतो. ती हेहाचीची मुलगी.

आता हिशोब लावा. डेव्हिल जीन हेहाचीकडे नाही. ते काझुमीचं. आणि काझुमी तर रेइनाच्या जन्माच्या कितीतरी आधी गेलेली. मग हिच्या अंगात ते आलं कुठून? मुख्य कथेत तिची आई कुठेच दिसत नाही. तिच्या आईचं माहेर कोणतं?

फ्रेममोजणी

हाचिजो घराण्यात काझुमीशिवाय आणखी कोणी असेल, तरच हे जुळतं.

वारणाकाठ

भाच्याला मांडवींचा हिशोब वाचून दाखवला. तो पडद्यावरच्या रेइनाकडे बघत म्हणाला, "म्हणजे पुढच्या भागात हिची आई येणार?" आणि नीना सोडून त्याने माझ्यासमोर काझुमीबद्दल विचारायला सुरुवात केली. टेकन ७ ची डिस्क कपाटात शोधते आहे. कोणाला आठवतंय का, तिच्या वाघाचा फटका अडवायचा की बाजूला सरायचं?